गुरुवारी दुपारी नेट जातं

१

माणसाने आगीचा शोध लावला, चाकाचा लावला, आणि शेवटी इंटरनेटचा लावून अंतर नावाची गोष्टच पृथ्वीच्या पाठीवरून पुसून टाकली. वाघोली तेवढी राहिली.

वाघोलीत, नगर रस्त्यापासून जरा आत, ‘स्वप्नशिल्प एलिगन्स’ नावाची सात मजली इमारत आहे. नावात स्वप्न आहे, शिल्प आहे, एलिगन्सही आहे. पाणी तेवढं टँकरचं. या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, हॉलच्या कोपऱ्यात, देव्हारा आणि फ्रिज यांच्यामध्ये, ऑफिसातल्यासारख्या चाकांच्या खुर्चीवर बसून दीपमाला एका आयरिश कंपनीचं काम करत असे. दर गुरुवारी दुपारी सगळ्या टीमची गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग असे. त्या गुरुवारी आयर्लंडातला साहेब तिचं नाव जमेल तसं मोडून म्हणाला, की आता तुम्ही सांगा. दीपमालाने घसा साफ केला. साहेबाचा चेहरा पडद्यावर थिजला, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. तो पुन्हा हलेपर्यंत मीटिंग संपून गेली होती.

हे दुसऱ्यांदा घडलं. संध्याकाळी कंपनीची मेल आली. कंपनी तिच्या कामावर खूश होती. मात्र मीटिंगमधून पुन्हा अशा नाहीशा झालात, तर प्रोबेशन तिथेच संपवावं लागेल. बाकी दिवस आनंदात जावो. मोबाइलच्या नेटवर काम करायची कंपनीची मनाई होती. सुरक्षेसाठी म्हणे घरचीच जोडणी लागते.

लग्न होऊन यवतमाळहून पुण्यात आल्यापासूनची तिची ही पहिलीच नोकरी. ही टिकली नाही, तर दीपमालाने यवतमाळला जाऊन सासूबाईंच्या, म्हणजे गोदाबाईंच्या, सोबतीला राहायचं असं घरात सर्वानुमते ठरलं होतं. ठरलं तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

तिचा नवरा शंभूही घरूनच काम करायचा. आतल्या खोलीत, दार लावून, दोन लॅपटॉपवर. एका लॅपटॉपवर तो शंभू असे, दुसऱ्यावर सॅम. परदेशी लोकांना उच्चार जमत नाहीत, असं तो म्हणे. त्या दुपारी त्याने तिच्या पाठीवर हात फिरवला होता.

“माझंही गेलं गं. ग्रुपवर बघ, सगळ्यांचंच गेलंय. तू पड जरा, कपडे मी बघतो.”

सोसायटीच्या ग्रुपवर रडारड चालली होती. ‘नेट गेलं.’ ‘आमचंही.’ ‘गुरुवारीच कसं जातं?’ दीपमालाने तोंड धुतलं, डोळे पुसले, आणि बाहेर येऊन बघते तो नेट आपोआप आलेलं. तार कुणी जोडली नाही. तार मुळात तुटलीच नव्हती.

मग गेलं कसं?

२

दुसऱ्या मजल्यावरचे उत्तरेश्वरकाका एसटीच्या तपासणी पथकातून निवृत्त झाले होते. स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्यांत अवचित चढून बिनतिकीट प्रवासी पकडण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरलं नाही, म्हणून ते दुपारी लिफ्टसमोर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत. दीपमालाने त्यांना चहाला बोलावलं तेव्हा ते शर्टाची इस्त्री मोडणार नाही अशा बेताने आले आणि हॉलमध्ये उकडतं म्हणून थेट ड्राय बाल्कनीत जाऊन स्टुलावर बसले. पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडलं होतं. डोक्यावरच्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघत त्यांनी चहा बशीत ओतला.

“काका, कुणीतरी मुद्दाम करतंय.”

“मुद्दाम तर सगळेच करतात, ताई. पकडलं की ते चुकून झालेलं असतं.”

“गुरुवारीच जातं. नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळी.”

“म्हणजे त्याला तुमचं वेळापत्रक पाठ आहे. बाहेरचा माणूस एवढा अभ्यास करत नाही.” काकांनी बशी खाली ठेवली. “केस घेतो. माझ्या दोन अटी. तपासात मधे बोलायचं नाही, आणि उलगडा मी चारचौघांसमोर करणार. कानात सांगण्यातला माणूस मी नव्हे. एसटीतसुद्धा मी माणूस पकडला, की गाडी थांबवून पकडत असे. मागच्या सीटपर्यंत कळलं पाहिजे.”

“काहीही करा. पुढच्या गुरुवारी माझं नेट जाता कामा नये, एवढंच.”

“गुन्हेगार सापडेल,” काका म्हणाले.

तिने मागितलं होतं ते हे नव्हतं. हा फरक तिच्या तेव्हा लक्षात आला नाही.

३

पहिला नंबर सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव यांचा. इमारतीला इंटरनेट पुरवायचा हक्क एकाच कंपनीला होता, आणि ती कंपनी आनंदरावांच्या साडूची होती.

“योगायोग आहे,” आनंदराव म्हणाले. “तुम्हाला भलतीच शंका असेल तर लेखी द्या. तोंडी शंकांना उत्तर देत नाही.”

“गच्चीवरच्या पेटीतून सगळ्या घरांना नेट जातं ना?”

“जातं. खालून एक तार वर येते, पेटीत शिरते आणि घराघरांत वाटली जाते. गच्चीला कुलूप असतं. किल्ली माझ्या दाराशी, खिळ्याला. कपडे वाळत घालणाऱ्यांनी न्यावी आणि आणून लावावी. पाटी आहे, वाचता येत असेल तर वाचा.”

पाटी होती. ‘किल्ली नेणाऱ्याने तीच किल्ली परत आणावी. तशीच दिसणारी चालणार नाही.’

“नेट सारखं गेलं, तर बदनामी कुणाच्या साडूची?” बाहेर आल्यावर काकांनी हळूच विचारलं. दीपमाला उत्तर देणार होती, पण पहिली अट तिला आठवली.

सातव्या मजल्यावर विमलाबाई राहत. गच्चीला लागूनच घर असल्यामुळे गच्ची आपलीच आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“इंटरनेटचं मला विचारू नका,” त्या दारातूनच म्हणाल्या. “आधी माझे चिमटे कोण चोरतं ते शोधा. लाकडी आहेत, चांगले कडक. एकेकाला लाल नेलपेंटची खूण केलीये. तरी जातात!”

“वहिनी, इथे एका मुलीची नोकरी जायची वेळ आलीये.”

“आणि माझे चिमटे जातात ते? नोकरी दुसरी मिळेल हो. तसला चिमटा आता बाजारात नाही. हल्लीचे प्लास्टिकचे, साडी बघितली की तोंड उघडतात.”

“गच्चीवर तुमच्याशिवाय कोण येतं?”

“सगळ्या बायका येतात. चोरांची नावं मी घेत नाही, माझ्या जिभेला हाड आहे.” मग त्यांचं लक्ष दीपमालाकडे गेलं आणि स्वर मऊ झाला. “तुझं बरं आहे बाई. तुझा नवरा स्वतः येऊन कपडे वाळत घालतो. आमच्या यांनी जन्मात रुमाल पिळला नाही. मी सगळ्यांना सांगते, नवरा असावा तर असा.”

दीपमालाला त्या आठवड्यात प्रथमच जरा बरं वाटलं. जिना उतरताना काकांनी विचारलं, “शंभूराव काय काय वाळत घालतात?”

“टॉवेल वगैरे.”

“हं,” काका म्हणाले.

४

तारांची देखभाल मच्छिंद्र करायचा. तो मूळचा वाघोलीचा. इमारत उभी आहे ते रान त्याच्या चुलत्याचं होतं, त्यामुळे शिडी घेऊन येतानाही तो मालकासारखा येई.

“पेटी दोनदा उघडून बघितली, काका. तार तुटलेली न्हाय, उंदरानं खाल्लेली न्हाय. सगळं जागच्या जागी हाय.”

“मग नेट जातं कसं?”

“त्या तारंत काच असती. तिच्यातनं उजेड पळतो, तेच तुमचं नेट. तार मुडपून गच्च दाबली, तर उजेड तिथंच आडतो. सोडली की पुन्यांदा पळाया लागतो. पर पेटीपाशी तार धरून बसतंय कोन?”

“तक्रार किती जणांनी केली?”

मच्छिंद्र हसला. “तीच तर गंमत हाय. एरवी नेट जरा अडकलं, की मला घरादारावरनं शिव्या पडत्यात. गुरुवारी एक बी फोन न्हाय. ही बाई सोडून.”

“पण ग्रुपवर तर केवढी रडारड!” न राहवून दीपमाला म्हणाली. काकांनी भुवई उंचावली, पण अट मोडल्याबद्दल दंड केला नाही. तिने मोबाइल पुढे धरला. “हे बघा. सगळ्यात आधी पहिल्या मजल्यावरच्या कासिमने लिहिलंय, ‘माझंही नेट गेलं, काम ठप्प.’”

मच्छिंद्रने मोबाइलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“कासिमभाऊंचं जाईल कसं? त्यांनी आमची लाइन कवाच काढून टाकली. मागच्या खिडकीतनं गुपचूप दुसऱ्या कंपनीची घेतलीया. त्यांची तार गच्चीवर जातच न्हाय.”

५

कासिमने दार उघडलं, काकांचा चेहरा बघितला आणि पुन्हा लावायचा प्रयत्न केला. काकांचं पाऊल उंबऱ्यात होतं. चालत्या गाडीत चढायची सवय अशी मोडत नाही.

“तिकीट दाखवा,” काका म्हणाले.

“काय?”

“सवयीने तोंडातून गेलं. नेट चालू असताना ‘गेलं’ असं का लिहिलंत?”

कासिमचं घराणं नाना पेठेतलं, तिथे दोन पिढ्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. खोटं बोलल्यावर लगेच लाजायचं वळण त्याला घरातूनच लागलेलं होतं.

“काका, खरं सांगू? मॅनेजर लोक हल्ली नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. प्रूफ मागतात. मग आम्ही ग्रुपवर लिहितो, ‘नेट गेलं’. बाकीचे लिहितात, ‘आमचंही’. त्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि मॅनेजरला पाठवायचा. पाच-सहा लोक रडताना दिसले की तो गप्प. जितके जास्त रडतील तितकं प्रूफ पक्कं. म्हणून ज्याचं चालू असतं तोही एक ओळ टाकतो. शेजारधर्म आहे.”

“आणि मग?”

“मग काय, गुरुवारचा हाफ डे. मागच्या वेळी मिसेसला, शबनमला, घेऊन सिनेमाला गेलो. वरचे लोक झोपतात. कुणी गिरणीतून दळण आणतं.”

“नेट कोण घालवतं, हे कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही. कुणी विचारतच नाही ना! विचारलं तर कळेल, आणि कळलं तर थांबवावं लागेल.”

दीपमाला भिंतीला टेकली. सारी इमारत तिच्यासारखीच अडचणीत आहे, असं तिला वाटत होतं. इमारत झोपा काढत होती.

“माझी नोकरी जातेय, कासिमभाई.”

“सॉरी वहिनी. रिअली सॉरी. प्रोबेशनचं मला माहीत नव्हतं.” तो मनापासून हळहळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण या गुरुवारी नेट जाणार आहे ना? शबनमच्या बहिणीला भेटायला येरवड्याला जायचंय.”

जिन्यात येताच दीपमालाने काकांचा हात धरला. “काका, बास झालं. कोण का असेना. गुरुवारी गच्चीची किल्ली तुम्ही खिशात घालून बसा. कुणी वर जाणारच नाही, आणि माझी मीटिंग होईल.”

काकांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दुखावल्याची कळा आली.

“म्हणजे गुन्हाच होऊ द्यायचा नाही? मग पकडू काय, ताई? संशय? नाव मला कळलंय, पण प्रवासी गाडीत चढायच्या आधी त्याला बिनतिकीट म्हणता येत नाही.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी टाकीमागे दबा धरून बसतो. तुमच्या मीटिंगला धक्का लागायच्या आत त्याची मान माझ्या हातात असेल.”

६

गुरुवारी साहेब पुन्हा म्हणाला, की आता तुम्ही सांगा. दीपमालाने तोंड उघडलं. साहेब थिजला. या वेळी दोन्ही डोळे मिटलेले.

ती अनवाणीच जिना चढत गेली. गच्चीवर जत्रा भरली होती. आनंदराव, विमलाबाई, मच्छिंद्र, कासिम, तिसऱ्या-पाचव्या मजल्यावरची मंडळी. काकांनी निरोप धाडला होता, आणि नेट गेल्यामुळे सगळे मोकळेच होते. काका पालथ्या पिंपावर उभे होते. टाकीच्या सावलीला, गळ्यात निळा टॉवेल आणि कानाला मोबाइल अशा थाटात, शंभू उभा होता. नवरा आधीच मदतीला आलेला बघून तिला धीर आला.

“काका, नेट गेलं! सापडला का? तार कुठेय?”

“या ताई, तुमचीच वाट बघत होतो. सापडला, आणि मुद्देमालही जागेवर आहे. अजून लावलेलाच आहे.”

“मग काढा ना आधी!”

“पंचांसमोर सिद्ध झाल्याशिवाय मुद्देमालाला हात लावायचा नसतो.” काकांनी घसा खाकरला. “मंडळी, आनंदरावांपासून सुरुवात करू.”

“काका, माझी मीटिंग चालू आहे! ते माझी वाट बघताहेत!”

“पहिली अट, ताई. मधे बोलायचं नाही.”

“ऐकू दे गं जरा,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी बसायला चटई आणली होती.

“आनंदराव निर्दोष,” काका म्हणाले. “नेट गेलं की त्यांच्या साडूची अब्रू जाते. अब्रू गेली की बायको बोलते.” आनंदरावांनी मान डोलवली. “मच्छिंद्र निर्दोष. आपल्याच कामात आपणच बिघाड करून तो फुकट शिडी कशाला चढेल? कासिम लबाड आहे, पण निर्दोष. तो फक्त रडतो, त्याची तार इथे येतच नाही.”

“येत नाही म्हणजे?” आनंदरावांनी कासिमकडे वळून विचारलं. “दुसरी कंपनी? परवानगी कुणाची?”

इथे थोडा वेळ वेगळंच भांडण झालं. दीपमाला पेटीकडे धावली, तर पेटीपुढे पाचव्या मजल्यावरचे चौघे गर्दी करून उभे होते. “थांबा हो वहिनी,” त्यातला एक म्हणाला, “शेवट आलाय आता.”

“आता चिमटे!” काकांनी आवाज चढवला, तशी शांतता झाली. “तार तुटत नाही, मुडपते. मुडपून धरायला चिमटा लागतो, तोही कडक. विमलावहिनींचे चिमटे जातात. म्हणजे गुन्हेगार कपडे वाळत घालायला गच्चीवर येणारा. येणाऱ्या सगळ्या बायकांच्या घरी सूर्य पोचत नाही. एकच घर असं, की जिथे पश्चिमेची ड्राय बाल्कनी आहे, बाल्कनीत ऊन आहे, उन्हात दोऱ्या आहेत, आणि दोऱ्या रिकाम्या आहेत. तिथे बसून मी चहा प्यायलो. मी जन्मभर एसटीत काढला, मंडळी. अख्खी गाडी रिकामी असताना जो दाराशी उभा राहतो, त्याच्याकडे तिकीट नसतं.”

सगळ्यांच्या माना टॉवेलाकडे वळल्या.

“त्या घरात राहतात दोघं,” काका शांतपणे म्हणाले, “आणि कामाला जातात तिघं. दीपमालाताई, शंभू आणि सॅम. शंभूची मीटिंग गुरुवारी दुपारी. सॅमची मीटिंगही गुरुवारी दुपारी. कंपन्या दोन, तोंड एक. म्हणून शंभू नेट गेल्याचा फोटो पाठवतो आणि सॅम इथे, या टाकीशी, मोबाइलवरून हजर राहतो. आत्ताही हजर आहे. मघाशी चिमटा लावताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं, आणि ‘सॅम बोलतोय’ म्हणताना या कानांनी ऐकलं.”

शंभू मोबाइलमध्ये इंग्रजीत ‘एक मिनिट’ म्हणाला आणि आवाज बंद केला.

दीपमालाने चार वर्षं घासूनपुसून पुणेरी केलेली तिची भाषा एका शब्दात यवतमाळला परत गेली.

“काहून?”

“अगं, घराचाच विचार केला,” शंभू म्हणाला. तो चिडला नव्हता, हिशेब समजावून सांगत होता. “माझ्या दोन आहेत, दोन्ही पक्क्या. तुझी एक, तीही प्रोबेशनवर. कुठलीतरी एक जाणारच होती.”

“तुला माहीत होतं? माझी मीटिंग तेव्हाच असते हे?”

“एकदा बोलली होतीस.” त्याने टॉवेल नीट केला. “आणि तिकडे आईलाही सोबत हवीच आहे.”

मग काकांनी पिंपावरून उतरून पेटी उघडली आणि हात पुढे केला, जणू काही पडदाच सारत होते. लाल खुणेचा लाकडी चिमटा तारेला चावून बसला होता. दीपमालाने तो ओढून काढला, तिथेच टाकला आणि खाली धावली.

मागे कासिम कुणाला तरी विचारत होता, “म्हणजे पुढच्या गुरुवारपासून पूर्ण दिवस?”

७

खाली नेट आलं होतं, भरधाव. लॅपटॉपने तिचा पासवर्ड मागितला. तिने दिला. त्याने नम्रपणे सांगितलं, की या नावाचं इथे कुणी काम करत नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीचं मत तयार झालं. गुन्हा वाईटच, पण उलगडा आणखी वाईट. आनंदरावांनी पाटी लावली : ‘गच्चीवर चिमटे वापरण्यास मनाई आहे. कपडे उडाल्यास सोसायटी जबाबदार नाही.’ पाचव्या मजल्यावरची मंडळी लिफ्टमध्ये दीपमालाला बघून गप्प झाली. विमलाबाई मात्र मनातलं मनात ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या.

“कपडे वाळत घालणारा नवरा होता गं,” त्या म्हणाल्या. “चारचौघांत त्याची शोभा केलीस. आता तो रुमालाला तरी हात लावेल का?”

उत्तरेश्वरकाका दाराशी येऊन गेले. केस यशस्वी झाल्याबद्दल त्यांनी तिचं अभिनंदन केलं. मीटिंगचं कसं काय झालं, हे विचारायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

रात्रीचा स्वयंपाक तिने केला नाही. कपाटातून बॅग काढली आणि भरायला बसली. कुठे निघालीस, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. फोनवर गोदाबाईंना मात्र शंभूने ‘येतेय ती’ असं सांगूनही टाकलं होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. शंभू चौकटीत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. काहीतरी बोलायचं आहे आणि शब्द सापडत नाहीत, असा त्याचा चेहरा होता. दीपमालाचे हात थांबले. तिने वर बघितलं.

“दीपा,” तो चाचरत म्हणाला, “ती तुझी चाकांची खुर्ची मी आत घेऊ का? दोन-दोन ठिकाणी बसून माझी पाठ फार धरते गं.”